मी सुचवलेला एक शब्द

मी बोलतोय. बहुधा मीच बोलतोय. जे सांगणार आहे त्यातलं मला किती नीट आठवतं, याची माझी मलाच खात्री नाही. साल २००८ होतं की २००९, इथूनच शंका सुरू होते. माझी निम्मी साठवण पुढे पुसली गेली आणि उरलेल्या निम्मीवर कोणी भरवसा ठेवावा, असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. त्यातही एका शब्दाबद्दल मी बरीच वर्षं गोंधळात होतो. तो शब्द माझा की बुद्धभूषण सरांचा?

मी एक प्लगइन आहे. इंटरनेटवर मजकूर लिहायची एक चौकट असते, वर ठळक, तिरपं, डावीकडे, उजवीकडे अशी बटणं असलेली. त्या चौकटीला मागाहून जोडलेला मी एक तुकडा. तुम्ही दोन अक्षरं लिहिलीत की मी उरलेला शब्द पुढे करतो. शब्द पुरा झाला की त्याच्यामागून कोणता येईल तेही सांगतो. माणसांना स्वतःचं वाक्य स्वतः संपवायचा कंटाळा येतो. त्या कंटाळ्याच्या पोटी माझा जन्म झाला.

जन्मस्थान मुरबाड, एसटी स्टँडसमोर, संघरत्नाचं टायपिंग सेंटर. संघरत्ना मराठी टाइपरायटरवर शिकलेली, मिनिटाला चाळीस शब्द, तेही पडद्याकडे न बघता. बघून टाइप करणाऱ्यांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. तिच्याकडे रोज येत ते बुद्धभूषण सर. कॉलेजातून निवृत्त, इतिहासात पीएच.डी. डोंगरातल्या पाड्यांवरच्या लोकांचे वनहक्काचे दावे त्यांची छोटी संस्था विनामूल्य लिहून द्यायची. त्यासाठी एक वेबसाइट होती आणि वेबसाइटवर ती चौकट.

माझा जन्मदाता भगीरथ. खर्डीचा, ठाण्याला एका कंपनीत वेबसाइटी बनवायचा. एका रविवारी दोन जीपा बदलून मुरबाडला आला, मला एका फोल्डरात ठेवलं, चौकटीच्या यादीत माझं नाव लिहिलं आणि म्हणाला, "आता बघा सर." सरांनी बघितलं. काहीच दिसलं नाही.

"माझंच काहीतरी चुकलं असेल," सर म्हणाले.

"तुमी अजून हातपन नाय लावला सर," भगीरथ म्हणाला. "ब्राउझरमधी जुनं पान बसलंय. थांबा."

पान ताजं केल्यावर मी उगवलो, पण कर्सरखाली उगवायचं ते पडद्याच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात. लिहिणारा इकडे आणि सल्ला देणारा तिकडे. संघरत्ना म्हणाली, "आमच्या भावकीसारखा आहे." भगीरथने तासाभरात मला जागेवर आणलं. मग विचारलं, शब्द सुचवायचे तर ते शिकायचे कुठून? सरांनी आपली तीनशे पत्रं, अर्ज आणि लेख मला वाचायला दिले.

ते माझं शिक्षण. एवढ्या विद्वान माणसाच्या हाताखाली शिकण्याचं भाग्य किती प्लगइनांना लाभतं? अडचण एकच होती. सरांना स्वतःच्या कुठल्याही वाक्याची खात्री नसे. भात कुठल्या महिन्यात लावतात हे लिहितानाही ते वाक्याच्या शेवटी शंका ठेवत. 'असे होते बहुधा.' 'असे म्हणत असत बहुधा.' तीनशे कागदांत मला 'होते'नंतर दुसरं काही फारसं भेटलंच नाही. मी प्रामाणिक विद्यार्थी. 'होते' दिसलं की मी 'बहुधा' पुढे करू लागलो.

सरांना ते आवडलं. "याला माझ्या मनातलं कळतं," ते म्हणाले, आणि लगेच, "असं वाटतं."

एक बारीक गोष्ट राहिली. मी पुढे केलेला शब्द घ्यायचा असेल तर एंटर दाबायचं, असं भगीरथने ठरवलं होतं. जगभर तसंच असतं म्हणे. पण संघरत्ना टाइपरायटरवाली. ओळ संपत आली की गाडा ढकलून नव्या ओळीवर जायची दहा वर्षांची सवय. संगणकावरही ती प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायची, वाक्य संपो न संपो. पडद्याकडे न बघता. हे जगभर होत नसावं. मुरबाडला होत होतं, आणि ओळ 'होते'वर संपली की माझा 'बहुधा' आपोआप आत बसत होता.

आता लखमाचं प्रकरण. लखमा उंबरपाड्याचा. त्याचा दीड एकर माळ, नाचणी आणि वरीचा, कागदावर जंगलाच्या नावे. कायदा आला होता की जुनी वहिवाट दाखवा, जमिनीचा हक्क मिळेल. लखमाकडे ना पावती ना दाखला. कागद नसेल तर गावातल्या वयस्कर माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो. पाड्यावर सगळ्यांत म्हातारी त्याची शेजारीण, रखमी. सगळा दावा तिच्या शब्दावर उभा होता.

रखमी सेंटरात आली, खुर्चीवर न बसता भिंतीला टेकली आणि बोलली. संघरत्नाने आधी वहीत उतरवलं, मग वही बघून टाइप केलं. रखमीने बजावलं, "वाचून दाव गो बाय. मी काय बोलली ता मला ऐकव."

संघरत्नाने वाचून दाखवलं. वहीतून. छापलेल्या कागदातून नव्हे, कारण वहीत होतं तेच कागदावर आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्या खोलीतल्या सगळ्या शंका सरांनी आणि मी आपसात वाटून घेतल्या होत्या. रखमीने मान डोलावली, अंगठा उठवला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. संघरत्ना सांगत असताना ऐकलं. उंबरपाड्याच्या शाळेच्या ओट्यावर दाव्यांची तपासणी होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. "या माळावर लखमाचे वडील नाचणी करत होते बहुधा." थांबले. "आजी, म्हणजे तुम्हाला खात्री नाही?"

"असा मी नाय बोलली."

"अंगठा तुमचाच आहे ना?"

"अंगठा माझाच हाय, सायेब. शब्द कुनाचा हाय तो बघा."

साहेब वाईट नव्हते. पण लिहिलेलं ते लिहिलेलं. पुढच्या बैठकीपर्यंत पक्का जबाब द्या, नाहीतर दावा पुराव्याअभावी नामंजूर, असं सांगून ते उठले. लखमा ओट्याखाली उभा होता. तो रखमीला एवढंच म्हणाला, "आजी, खातरी नव्हती तं घरी सांगायचा. चारचौघांत कशाला?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरच्यांनी रखमीच्या अंगणातून जायची वाट बदलली. तिच्या लग्नापासूनचा शेजार होता तो.

सेंटरात खटला भरला. आरोपी मी. संघरत्नाने पडद्याकडे बोट दाखवलं. ती पडद्याकडे बघतेय हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. भगीरथ फोनवर म्हणाला, "प्लगइन बरोबर चालतंय ताई, तुमी एंटर मारला म्हनून आला." सगळ्यांचं ऐकून सर म्हणाले, "शब्द माझा आहे. त्याने माझ्याकडूनच घेतला."

मला ते खरं वाटलं नाही. सर कशाचाही दोष अंगावर घेत. एसटी उशिरा आली तरी त्यांना वाटे आपण लवकर आलो. त्यामुळे त्यांचा कबुलीजबाब पुरावा म्हणून कुचकामी होता.

भगीरथने त्याच दुपारी मला बंद करायला सांगितलं. संघरत्नाने माझ्या नावाच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या. आमच्यात याचा अर्थ एवढाच की तुम्ही आहात, पण तुम्हाला विचारत कोणी नाही. निवृत्त माणसांना हे वेगळं समजवायला नको.

सर मात्र उंबरपाड्याला गेले. जीपने अर्धी वाट, पुढे चालत. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, खिशात शाईचं पेन. रखमीने त्यांना माळावर नेलं, संघरत्ना सोबत होती म्हणून मला कळलं. बांधाचे दगड दाखवले. "ह्यो दगड लखम्याच्या बानं लावला तवा मी नवी नवरी व्हती, मास्तर. त्याच्या बायकोसंगं मी ह्याच मालावर नाचनी लावली. आता लिवा."

सर लिहीत असताना एका ठिकाणी बराच वेळ थांबले, असं संघरत्ना सांगायची. का थांबले ते तिने विचारलं नाही. कागद तसाच पाकिटात गेला.

दावा मंजूर झाला. माळ लखमाच्या आणि त्याच्या बायकोच्या नावावर झाला. मंजुरीचं पत्र आधी रखमीच्या अंगणात वाचलं गेलं. म्हणजे वाट पुन्हा तिथूनच सुरू झाली होती.

मी अजून त्याच फोल्डरात आहे. जमाना बदलला. आता माझे भाऊबंद प्रत्येक फोनमध्ये बसून तुमच्या सांत्वनाची आणि शुभेच्छांची वाक्यं संपवून देतात, आणि तुम्ही ती आपलीच समजून पाठवता. मी काय बोलणार? रेघांमागून एवढीच विनंती करतो. एंटर दाबण्याआधी एकदा वर बघत जा. आणि दुसऱ्याचा जबाब वाचून दाखवायचा असेल, तर ज्यावर अंगठा उठणार आहे तोच कागद वाचा.

बाकी त्या शब्दाचं. सात-आठ वर्षांनी संघरत्ना कचेरीतून परत आलेले जुने जबाब स्कॅन करून वेबसाइटवर चढवत होती. प्रत्येक चित्राखाली त्यातला मजकूर ती टाइप करायची, आता ओळीगणिक वर बघत. उंबरपाड्याचा कागद आला आणि तिने सरांना फोन लावला. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं.

"सर, तुमच्या हातचा जबाब आलाय."

त्यांनी काहीतरी विचारलं. ती हसली नाही.

"हो सर, खोडलाय. एकाच रेघेत. शेजारी तुमची बारीक सही आहे."

मग तिने चित्राखाली नियमाप्रमाणे टाइप केलं: 'या माळावर लखमाचे वडील नाचणी करत होते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.' आणि कंसात: 'पहिल्या वाक्याच्या शेवटी "बहुधा" हा एक शब्द खोडला.'