उतारावरची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. साध्याच लाकडाची, रुंद पाठीची, जरा बुटक्या पायांची. माझ्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या आहेत. त्या कशासाठी, हे नव्या माणसाला कळत नाही. कुणी त्यांत छत्री अडकवतं, कुणी पिशवी. जुनी माणसं मात्र त्या कड्यांकडे बघतात आणि बोलता बोलता गप्प होतात.

खुर्ची होण्याआधी मी पलंग होते. सुरुवात तिथूनच करायला हवी.

आमची वस्ती उतारावरची. एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. रस्ता असा नाहीच, नुसत्या पायऱ्या. त्याही ज्याने त्याने आपापल्या घरापुरत्या बांधलेल्या, म्हणून एक उंच तर एक बुटकी. गाडी खाली पुलापाशीच थांबते आणि पुलापलीकडे मोठं इस्पितळ आहे. उताराच्या मध्यावर एक सुतार राहतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याची बायकोही मिस्त्रीच म्हणायची, पण चेष्टेने.

लग्न ठरल्यावर त्याने मला घडवलं. हौसेने इतकं मोठं घडवलं की मी दारातून आत जाईना. शेवटी चौकट काढावी लागली. बायकोने ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. "लोकांच्या घरांची मापं घेतात आणि स्वतःच्या दाराचं विसरतात," म्हणायची. मिस्त्री हसून रंधा चालवत राहायचा.

तिला कळा सुरू झाल्या त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. वरच्या घरातली मावशी आली. वस्तीतल्या बऱ्याच पोरांना जगात आणलेली बाई. तिने पोट चाचपलं आणि बाहेर येऊन मिस्त्रीला म्हणाली, "हे माझ्या हातातलं नाही. खाली न्या."

मिस्त्री आधी एकटाच खाली गेला. इस्पितळातल्या खिडकीतून त्याला सांगण्यात आलं, "पैसे भरा, मग आणा." तो तसाच ठेकेदाराकडे उचल मागायला पळाला. घरात जमलेली माणसं म्हणाली, "तो येईपर्यंत वाट बघू."

मुलगी आपली आपणच आली. रडली, चांगली खणखणीत रडली. मावशी तिला पुसायला चुलीजवळ घेऊन गेली. आई माझ्यावर पडून होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिने दाराकडे बघितलं. अगदी हळू म्हणाली, "मिस्त्री, धावत येऊ नका. पायऱ्या निसरड्या आहेत."

ते फक्त मी ऐकलं. मावशी आतून येईपर्यंत ती गेली होती.

मिस्त्री आला तो धावतच आला. गुडघा फुटला होता, मुठीत नोटा भिजल्या होत्या. त्याला वाटलं, ती वाट बघून बघून, त्याच्यावर रागावून गेली. आजही त्याला तसंच वाटतं. मला खरं माहीत आहे आणि मला तोंड नाही. एकटेपणा म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. जवळ कुणी नसलं तर माणूस निदान वाट तरी बघतो. मी त्याच्या इतक्या जवळ होते, आणि उपयोग शून्य.

तो पुन्हा माझ्यावर झोपला नाही. लेकीला कुशीत घेऊन जमिनीवर झोपायचा. एक दिवस त्याने मला अंगणात काढलं, खिळा खिळा उपसला आणि त्याच लाकडातून ही खुर्ची केली. कड्या ठोकल्या, त्यांत दोन लांब दांडे सरकवले. पुढे दोघे, मागे दोघे. मावशीने विचारलं, "हे काय रे?"

"बाई खाली न्यायची सोय," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून वस्तीतली प्रत्येक अडलेली बाई माझ्यात बसून खाली गेली. मला त्यांची ओझी आठवतात. त्यांनी माझ्या हातांवर रोवलेली नखं अजून दिसतात. शिव्या द्यायच्या, कुणी देवाला, कुणी नवऱ्याला. एक तर मिस्त्रीलाच म्हणाली, "हळू चाला हो, नाहीतर तुमच्याच डोक्यावर होईन मी मोकळी." त्या अवस्थेतही खांदेकरी हसले होते.

पण मिस्त्रीने कितीही चांगली खुर्ची केली तरी तिला उचलायचं कधी, ते त्याच्या हातात नव्हतं. बोलावणं नेहमी उशिरा यायचं. त्याआधी त्या बाईच्या घरात बैठक बसलेली असायची. इस्पितळ म्हणजे किती लागतील, कोण देईल, कशावर देईल. मग कुणीतरी वडीलधारं तेच वाक्य म्हणायचं, "थोडी वाट बघू." वरखालच्या घरांतलं ते सगळं मला आमच्या ओसरीवर ऐकू यायचं. पायऱ्यांनी जेवढ्या बायका नेल्या नसतील, तेवढ्या त्या वाक्याने नेल्या.

बऱ्याच जणी बाळ घेऊन परत चालत वर आल्या. काही आल्या नाहीत. त्यामुळे माझ्यात सहज म्हणून कुणी बसत नसे. पोरं खेळता खेळता चढली तर आया ओरडून उतरवायच्या. सणासुदीला, पाहुण्यारावळ्यांत, घरात बसायला जागा नसली तरी माणसं उभी राहायची आणि मी रिकामी.

फक्त मिस्त्रीची लेक बसायची. तिची जीभ क्षणभर गप्प नसे म्हणून बाप तिला टकळी म्हणायचा. माझ्या हातावर पाय टाकून ती शाळेचं, मैत्रिणींचं, मांजराचं सगळं सांगायची. कधी विचारायची, "आई कशी होती गं?" बापाला विचारलं की तो गप्प व्हायचा, म्हणून मला विचारायची. मी तरी काय सांगणार? पुढे टकळी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. घरात मिस्त्री आणि मी उरलो. तो ओट्यापाशी उभ्यानेच जेवू लागला.

मग एके दिवशी विमाबाई आली. खांद्याला पिशवी, पायऱ्या चढून घामाघूम झालेली. नवी सरकारी आरोग्यविम्याची योजना निघाली होती आणि घरोघरी जाऊन नावं नोंदवायचं काम तिचं होतं. तिला माझी कहाणी काय माहीत. ती सरळ येऊन माझ्यात बसली. मिस्त्रीच्या हातातली करवत थांबली.

"काका, नाव घालायचंय तुमचं," ती धापा टाकत म्हणाली. "तपासणी, औषधं, बाळंतपण, सगळं त्यात आहे. खिशातून काही द्यायचं नाही."

"फुकट फक्त पिंजऱ्यातलं खोबरं असतं," मिस्त्री म्हणाला. "उंदराला विचारा."

"फुकट नाहीच आहे. सगळ्यांनी मिळून भरलेलं आहे. तुम्हीही भरता, साबण घेता तेव्हासुद्धा."

मिस्त्रीने करवत खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, आम्हाला गरज होती तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

तिने वर बघितलं. कुणाबद्दल बोलतोय ते तिला नेमकं कळलं नसेल, पण काहीतरी कळलं. म्हणाली, "तेव्हा मी नव्हते, काका. आता आहे." आणि पाणी पिऊन पुढच्या घरी गेली. मिस्त्रीने नाव दिलं नाही.

वस्तीतही आधी सगळे हसले. पण थोड्याच दिवसांत पिठाच्या बंद गिरणीत दवाखाना सुरू झाला. आमच्यापासून खाली, दोन वळणांवर. तिथे एक नर्स रोज आणि डॉक्टरीणबाई ठरल्या वारी. वजनकाटा, रक्तदाब मोजायचं यंत्र, गोळ्या. आधी इस्त्रीवाल्याची सून गेली, ती खोकल्यासाठी; तिला काही मागितलं नाही हे बघून तिची जाऊ गेली, ती पोटुशी होती. मग तिसऱ्या महिन्यातल्या, पाचव्या महिन्यातल्या बायका आमच्या ओसरीवरून जाऊ लागल्या, गप्पा मारत, चालत. दिवस भरायच्या आधीच कुणाला इस्पितळात पाठवायचं ते ठरलेलं असायचं. घरातल्या बैठका बसायच्या बंद झाल्या, कारण बोलायला विषयच उरला नाही. माझे दांडे भिंतीला टेकून राहिले. त्यांच्यावर कोळ्याने जाळं धरलं.

अशात टकळी बाळंतपणाला बापाकडे आली. तिचा नवरा लांब, रस्त्याच्या कामावर. आल्या आल्या ती गिरणीतल्या दवाखान्यात जाऊन आली. तिचं नाव तिच्या शहरात नोंदलेलं होतं आणि ते इथेही चालत होतं. आठव्या महिन्यात एकदा ती दवाखान्यातून परत आली ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. माझ्यात बसली. पायावर बोट दाबलं तर खड्डा पडत होता.

"बाबा, दाब वाढलाय. डॉक्टरीणबाई उद्या सकाळी भरती व्हा म्हणाल्या."

"भरती? कळा कुठे आहेत?"

"कळांची वाट बघायची नाही म्हणाल्या."

मिस्त्रीने हातातलं फडकं झटकलं. "चालतेयस, बोलतेयस. त्या खिडकीपाशी मी उभा राहिलोय. हात पसरून उभा राहिलेला माणूस कसा दिसतो, ते माहीत आहे मला. थोडे दिवस थांब. मी काहीतरी जुळवतो."

"आईसुद्धा चालत-बोलत होती ना?"

 त्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं.

"मी थांबणार नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाहीतर एकटी जाईन."

सकाळी मिस्त्रीने माझ्यावरची धूळ पुसली, दांडे सरकवले आणि तीन हमालांना हाक मारली. टकळी पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्याकडे बघून हसली.

"मला उचलून नेऊ नका. नर्सबाई म्हणाल्या, सावकाश चाललीस तर चालेल."

"मग ही मागून येईल," मिस्त्री म्हणाला. "तुला नको असली तरी."

अशी आमची वरात निघाली. पुढे टकळी, एक हात भिंतीला लावून, प्रत्येक वळणावर दम खात. मागे चार पुरुष, खांद्यावर रिकामी खुर्ची. एक हमाल कुजबुजला, "मिस्त्री, इतकी हलकी कधीच नव्हती ही." मिस्त्रीची नजर लेकीच्या पावलांवर होती. ती थांबली की त्याचाही खांदा थांबायचा, ते मला दांड्यातून जाणवत होतं.

इस्पितळाच्या त्याच खिडकीपाशी तो उभा राहिला. "किती भरायचे?"

आतल्या माणसाने टकळीचं विम्याचं कार्ड बघून परत दिलं. "काही नाही. इथे सही करा आणि त्यांना आत घेऊन जा. उभं नका ठेवू."

मिस्त्रीचा हात खिशातच राहिला. टकळी आत गेली आणि दार बंद झालं. हमाल कामावर परतले. मला फाटकाजवळ झाडाखाली ठेवलं होतं. मिस्त्री येरझाऱ्या घालून दमला आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यात बसला. त्याने मला दोनदा घडवलं होतं, पण खुर्ची झाल्यापासून तो माझ्यात कधीच टेकला नव्हता. माझ्या हातांवर हात ठेवून तो म्हणाला, "फार वाट बघितली असेल तिने माझी."

माझ्या लाकडात ते सगळे शब्द होते. एकही बाहेर आला नाही. मी नुसती करकरले. त्याला वाटलं, सांधा सैल झालाय. त्याने अंगठ्याने चाचपून बघितला.

टकळीला मुलगी झाली. लहानखुरी, पण ठणठणीत. आईला चार दिवस जास्त ठेवून घेतलं, दाब उतरेपर्यंत. घरी आल्यावर ओसरी पुन्हा बोलू लागली. आठवडाभराने विमाबाई आली तेव्हा मिस्त्रीनेच तिला पाणी दिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "माझं नाव घालायचं राहिलंय."

ते दिवस भुर्रकन गेले. लेक नातीला घेऊन आपल्या घरी गेली आणि घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

ती गेल्यावर मिस्त्रीने माझे दांडे काढले. मला वाटलं, चुलीत घालतो की काय. पण त्याने ते तासले, गुळगुळीत केले आणि गिरणीच्या वरच्या वळणावर, जिथे पायऱ्या सर्वांत उंच आहेत तिथे, भिंतीला कठडा म्हणून पक्के बसवले. पोटुश्या बायका तो धरून उतरतात. म्हातारेही. मिस्त्रीही महिन्याला आपल्या दाबाच्या गोळ्या आणायला जाताना तोच धरतो.

मी अजून ओसरीवर आहे. मला उचलायला आता कुणी येत नाही, आणि यायला नको, हे मला पटतं. पटलं तरी दुपार मोठी असते. मिस्त्री कामावर गेलेला असतो, पायऱ्यांवरून पावलं वाजत येतात, ओसरीशी थोडी मंदावतात आणि पुढे जातात. जुन्या बायका अजूनही माझ्यात बसायचं टाळतात.

तुम्ही कधी या पायऱ्यांनी गेलात तर मला बिचकू नका. दम लागला असेल तर घडीभर टेका. तुमच्या पोटात कोण आहे, घरी कोण आहे, असं काहीबाही बोललात तरी मला चालेल. पण फार वेळ बसू नका. गिरणीतला दवाखाना आता उघडला असेल.