ऑलिव्ह

संहिताला ऑफिसात बढती मिळाली, म्हणून तिनं आईवडलांना रेसिडेन्सी रोडवरच्या एका इटालियन हॉटेलात जेवायला बोलावलं. अहल्या आणि उमाकांत येलहंक्याहून बसनं आले. चौकड्यांचे लाल टेबलक्लॉथ, हलकं संगीत आणि शेजारच्या टेबलावर काट्याला शेवया गुंडाळणारी पोरं. अहल्या पदर सावरून बसली.

उमाकांत खाण्याच्या बाबतीत फार चिकित्सक. सारात चिंच जरा जास्त झाली, तरी पहिल्या भुरक्याला सांगायचे. अहल्या कधी चिडायची, कधी हसायची. पण संक्रांतीच्या सुमाराला त्यांना मोठा ताप येऊन गेला, आणि तेव्हापासून पुढे काहीही ठेवा, ते नुसतं ‘छान’ म्हणत. आधी तिला बरं वाटलं. मग एक दिवस भाजी चांगलीच खारट झाली, तीही त्यांनी मुकाट्यानं संपवली. या माणसाचं आपल्याकडे लक्षच उरलेलं नाही, असं तिच्या मनानं घेतलं. बोलली मात्र नाही.

संहितानं पिझ्झा मागवला. तो येईपर्यंत वेटरनं एका वाटीत काळी, गोल फळं आणून ठेवली.

“ही ऑलिव्ह. खाऊन बघा अण्णा, मी ऑफिसला एक फोन करून येते,” म्हणत संहिता काउंटरकडे गेली.

जांभळासारखं दिसतंय म्हणून अहल्येनं एक तोंडात टाकलं आणि लगेच रुमालात काढलं. कडू, खारट, वर तेलकट. उमाकांत मात्र एकामागून एक खात होते.

“कसं लागतंय हो?”

“छान आहे.”

“गोड आहे ना?”

“हो, स्वल्प गोड आहे.”

अहल्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “अहो, हे कडू आहे.”

उमाकांतांचा हात वाटीतच थांबला. ते टेबलक्लॉथकडे बघत बसले.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“ताप उतरला तेव्हापासून. तिखट तेवढं कळतं, जीभ भाजते म्हणून. बाकी सगळं ओल्या कापसासारखं.”

“आणि इतके दिवस मला सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? तू एवढ्या हौसेनं करतेस. मला चव कळत नाही म्हटल्यावर कुणासाठी केलं असतंस?”

अहल्येच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं की सुटकेचं, ते तिलाही कळेना. “मला वाटलं, मी केलं काय, न केलं काय, तुम्हाला सारखंच.”

“छे,” उमाकांत म्हणाले. “रोज ताटावर बसलो की आठवायचा प्रयत्न करतो, तुझी चिंच घातलेल्या डाळीची हुळी कशी लागायची ते.”

संहिता परतली तेव्हा पिझ्झा आला होता. आईचे डोळे पाहून ती घाबरली. उमाकांतांनीच तिला सगळं सांगितलं. ती खुर्ची जवळ ओढून बसली आणि म्हणाली, “मल्लेश्वरात नाक-घशाचे एक चांगले डॉक्टर आहेत. सोमवारी जाऊ या.”

“सरी, जाऊ या,” उमाकांत म्हणाले आणि पिझ्झ्याचा तुकडा उचलला. चीजची तार लांबत गेली. “अहल्या, हे कसं आहे?”

तिनं घास घेतला, नीट चावला. “खालची भाकरी जाड, कडेला खमंग भाजलेली. वर टोमॅटो आहे, आंबट. आपण सारात गूळ घालतो तसा यात नाही. आणि हे पांढरं म्हणजे दुधावरची साय मीठ घालून ताणली तर होईल, तसं.”

उमाकांतांनी डोळे मिटून घास चावला. “कड कुरकुरीत आहे, ते मला कळतं,” ते म्हणाले.

सोमवारी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाले. श्रावणात एका सकाळी उमाकांतांनी कॉफीचा घोट घेतला आणि कडू लागतेय म्हणून पेला घेऊन स्वयंपाकघरात आले. गोडाची चव त्यानंतरही बरेच दिवस आली नाही. तोवर जेवताना अहल्या आधी एक घास स्वतः घेई, आणि काय कसं झालंय ते त्यांना सांगत बसे.