कंबर वाढली ती माझ्यामुळे

मी एका शिंप्याचे जुने मूत्रपिंड आहे. मित्रांनो, मला कोणी पाहिलेले नाही. म्हणून माझे बोलणे तुम्हाला खरे वाटेल की नाही, कोण जाणे. तरी सांगते.

मालकाच्या जन्माआधीच, त्याच्या आईच्या पोटात मी घडले. कण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझे भावंड. रक्त गाळायचे हे आमचे काम. मालकाचे शिलाई मशीन सुट्टीला तरी थांबते, आम्ही नाही. तेलपाणी आणि कौतुक मात्र मशीनच्या वाट्याला.

मालकाच्या वडिलांकडून आमच्यात एक दुखणे आले होते. अंगात पाण्याचे फोड धरू लागले. त्यांना सिस्ट म्हणतात. एखाददुसरा फोड पुष्कळांना असतो, तो बहुधा त्रास देत नाही. आमच्यात ते द्राक्षांच्या घडासारखे दाटले. आम्ही फुगलो आणि मालकाची विजार कमरेत आवळू लागली. त्याने शिवण उसवून ती सैल केली. वडिलांच्या विजारीही त्यानेच अशा सैल केल्या होत्या, आणि ते मेंदूत रक्तस्राव होऊन अकाली गेले होते. पण हे सारे त्याने तेव्हा जोडून पाहिले नाही.

"गालफडं बसलीत आणि पोट तेवढं सुटलंय," बायको म्हणायची. "कुणाकडे जेवून येता?"

"तुझ्याच हातचं अंगी लागतंय."

इकडे फोडांनी आमच्या रक्तवाहिन्या दाबल्या. रक्त कमी येते आहे असे वाटून मी सवयीने रक्तदाब वाढवायचा निरोप धाडत राहिले. रक्त कमी नव्हतेच, वाट अडली होती. दाब वाढला, आणि त्या दाबाने आम्हीच आणखी झिजलो.

डोके दुखते म्हणून मालक डॉक्टरीणबाईंकडे गेला तेव्हा हे सारे उघड झाले. त्याने थोडे दिवस दाबाच्या गोळ्या घेतल्या आणि सोडल्या, कारण दुखायचे थांबले होते. बाईंनी बजावले होते की मुलीचाही दाब मोजा, हे तिच्याकडेही आलेले असू शकते. पोरीला कशाला घाबरवायचे, म्हणून तो घरी गप्पच राहिला.

मग एका संध्याकाळी मुलगी आपली पँट घेऊन दुकानात आली. "बाबा, कमरेत जरा सैल करून द्या ना."

त्याने टाके उसवायची कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"आधी दंडाचं माप घ्यायचंय. चल, डॉक्टरीणबाईंकडे."

"पँटीसाठी दंडाचं?"

"चप्पल घाल. वाटेत सांगतो."

आजोबांची आणि आपली सगळी हकिकत त्याने तिला वाटेत सांगितली. पँट नुसती आटली असेल, असे बाई हसून म्हणाल्या. पण पट्टा बांधून मोजला तेव्हा दाब वाढलेला निघाला. वेळ मात्र गेलेली नव्हती. हल्ली रोज सकाळी बापलेक एकमेकांवर नजर ठेवून आपापली गोळी घेतात.

मी थकले आहे, मित्रांनो. माझे फोड आता जायचे नाहीत. पण तिच्या कमरेत माझ्यासारखीच दोन तरुण मूत्रपिंडे आहेत. आम्हाला ओरडता येत नाही. तुमच्या घरात कोणाला हे दुखणे असेल, तर आमच्यासाठी एकदा दंड पुढे करा.