काच वर कर

"काच वर कर जरा," बापूराव म्हणाले.

सत्यशीलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अर्थिंगच्या जाड तारा उलगडत राहिली.

"तोंडावरची काच म्हणतोय. वाफ धरलीय. दिसत नाही."

"मला दिसतंय सगळं."

"मला दिसत नाही."

काम सुरू असताना हेल्मेटची काच खाली हवी, हे तिला ह्याच माणसाने शिकवलं होतं. तिच्या मनात पाल चुकचुकली. तरी तिने काच वर केली, कारण सुपरवायझर ते होते आणि रविवारची सकाळ भांडणात घालवायची नव्हती.

मांजरी गावातल्या त्या कारखान्यात बावीस हजार व्होल्टची पॅनेलं वर्षातून दोनदा तपासणीला उघडत. रीत ठरलेली होती. हँडल खाली ओढून वीज तोडायची, त्यावर दोघांनी आपापलं कुलूप घालायचं, किल्ली आपापल्या खिशात. मग बापूरावांनी लांब दांड्याचा टेस्टर आधी जिवंत, म्हणजे वीज चालू असलेल्या, बाजूला धरून तो वाजतो ना हे बघायचं आणि नंतर तोडलेल्या बाजूच्या तिन्ही टोकांना लावायचा. ते "बंद आहे" म्हणाले, की तिने पुढे होऊन उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारे अर्थिंगचे चिमटे बसवायचे. ते दोन शब्द चुकले तर आगीचा लोळ तिच्याच अंगावर येणार होता. येरवड्याच्या घरी सहा वर्षांच्या पूर्णिमाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. आई कारखान्यात दिवे लावते, एवढंच तिला ठाऊक होतं.

टेस्टरचा दिवा कधीचाच गेला होता. नुसती शिटी वाजायची, दातांत कळ जावी अशी बारीक, आणि दर वेळी सत्यशीलाचा चेहरा आक्रसायचा.

आणि दर वेळी बापूराव तिच्याकडेच बघत असायचे. टेस्टरच्या टोकाकडे नाही, तिच्या तोंडाकडे, टक लावून. बाकी वेळी हाच माणूस मागून हाक मारली तर वळायचासुद्धा नाही. 'आपलं आडनाव वाचल्यापासून हे असं,' तिला आधी वाटलं होतं. मग वाटलं, बाईच्या हातच्या कामावर विश्वास नसेल. मग त्याहून वाईटही वाटलं. स्टोअरमधल्या नम्रताला तिने सांगितलं तर ती हसली होती. "चार महिन्यांत रिटायर होतायत. बघू दे की बिचाऱ्यांना!" सत्यशीलाला हसू आलं नव्हतं. किळस आली होती.

बापूरावांनी टेस्टर जिवंत बाजूला धरला. शिटी वाजली. तिचं तोंड वाकडं झालं आणि ते समाधानाने मान हलवून पुढे सरकले. पहिलं टोक, दुसरं टोक. काही आवाज नाही. त्यांची नजर मात्र तिच्यावरून हलत नव्हती.

आज पुरे, असं तिने ठरवलं आणि सरळ पाठ फिरवली.

"सत्यशीला, इकडे बघ."

"माझ्या तोंडावर काय लिहिलंय?"

उत्तर आलं नाही. दांडा सरकल्याची किंचित हालचाल तिला जाणवली, आणि शिटी सुरू झाली. बारीक, लांबलचक, थांबायचं नाव नाही. तिला वाटलं, ते पुन्हा जिवंत बाजूला लावून बघतायत.

"बंद आहे," मागून बापूरावांचा शांत आवाज आला. "लाव चिमटे."

शिटी वाजतच होती.

ती वळली. टेस्टरचं टोक तोडलेल्या बाजूच्या तिसऱ्या टोकाला टेकलेलं होतं. बाहेरचं हँडल खाली होतं, त्यावर दोन कुलुपं होती, खूण 'बंद' दाखवत होती. आणि आत स्विचच्या तीन पात्यांपैकी एक उघडलंच नव्हतं. 'हा माणूस मला मारतोय,' असा विचार तिच्या डोक्यातून सणकन गेला. ती दोन पावलं मागे हटली.

बापूराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. बघता बघता त्यांचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी झटक्यात दांडा मागे ओढला.

"वाजतंय?" त्यांनी विचारलं.

शिटी थांबली होती.

"वाजत होतं का गं?"

मग तिला सगळं कळलं. काच वर का करायची, मागून हाक मारली तर ते का वळत नाहीत, सगळं.

"कधीपासून?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "तू यायच्या आधीपासून. माणसाचं बोलणं समोरून कळतं. ही शिटी नाही कळत."

"आणि दिवा?"

"दोनदा लिहून दिलंय. जास्त मागे लागलो असतो तर विचारलं असतं, आवाजावर का भागत नाही म्हणून."

दोन वर्षं, चार शटडाउन. ह्यांच्या शब्दावर तिने दर वेळी पॅनेलात हात घातला होता, आणि ह्यांचा शब्द तिच्या चेहऱ्यावरून येत होता. गेल्या दिवाळीच्या सुमाराला तिला ताप होता. सबंध दिवस ती जमिनीकडे बघत उभी राहिली होती. तेव्हाही ते "बंद आहे" म्हणाले होते. ती अवजारांच्या खोक्यावर बसली.

"चार महिने राहिलेत, सत्यशीला," बापूराव म्हणाले. "आज तर वाचलोच ना आपण."

त्यांच्याबद्दल आपण काय काय समजून बसलो होतो ते तिला आठवलं आणि लाज वाटली. रागही तितकाच आला. दोन्हींचं काय करायचं ते तिला कळेना.

तिने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि इंजिनिअर दत्तप्रसाद साहेबांना फोन लावला. पलीकडे रिंग होत होती. बापूराव नेहमीसारखेच तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. आज तिने तोंड फिरवलं नाही. उलट उजेडाकडे वळून बसली.

"साहेब, काम थांबवलंय," ती म्हणाली. एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवत, त्यांनाही कळावा असा. "बापूरावांना ऐकू येत नाही."