न बिघडलेल्या जीपचं बोलावणं

पोलादपूरच्या पोस्टमास्तरांनी पत्र दोनदा वाचून अर्थ सांगितला, तरी महिपतच्या डोक्यात काही शिरेना.

"कंपनी म्हणते, या नंबरांच्या सगळ्या जीपगाड्या मुंबईला एजंटाकडे आणा. स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा बदलून देऊ. फुकट."

"पन माझी गाडी बिघडली नाय, मास्तर."

"तसं इथं कुठं म्हटलंय? तुमचा नंबर मात्र यात बसतो."

महिपत उमरठचा. तरुणपणी मुंबईत माल वाहायच्या गाड्या हाकल्या, मग गिरणीतल्या भावाच्या मदतीनं ही जीप घेतली आणि गावी आला. आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला माणसं न्यायची, उतरताना दुसरी आणायची, यावर घर चाललं होतं. गाडी शहाण्या बैलासारखी वागत होती. मग तिला बोलावणं कशाला?

बैलाचं नाव मनात आलं आणि महिपत रस्त्यातच थांबला. बाजारात घेतलेला बैल मारका निघाला, बसका निघाला, तर घेणारा त्याला परत नेतो आणि विकणारा मुकाट ठेवून घेतो, ही चालत आलेली रीत. पण घेणाऱ्याची काही तक्रार नसताना विकणाराच दारात आला आणि म्हणाला, 'आण रे बैल, त्याची खोड काढून देतो', तर काय समजायचं? त्याला वाढीव पैशाचं गिऱ्हाईक भेटलं, हेच. एकदा बैल त्याच्या गोठ्यात गेला की संपलं.

घरी येताच त्यानं जीप परसात घेतली आणि उडवीतला पेंढा उपसून तिच्यावर रचायला लागला.

"अवो, गाडीला वैरण घालताय काय?" राहीबाई दारातून हसली.

"कंपनीचा मानूस आला तर सांग, गाडी नाय म्हनून."

"आनि उद्या आवडीला सासरी कशानं पोचवायची? पेंढ्यानं?"

महिपतचे हात थांबले. आवडी त्यांची लेक, बाळंतपणाला आलेली. सासर घाटावर, वाईकडे. बापाच्या जीपमधून लेकराला घेऊन ती सासरच्या अंगणात उतरणार, हे तिनं केव्हाच साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

"सांध्याचं काय म्हनाले मास्तर?" राहीबाईनं आता न हसता विचारलं. "मोडका हाय?"

"मोडका नाय गो."

"मग बदलायचा कशाला?"

तेच तर त्याला कळत नव्हतं. शेवटी तो महाडला कुशाबा मिस्त्रीकडे निघाला, तोही एस.टी.नं, कारण स्वतःची गाडी पेंढ्याखाली.

कुशाबा एका लॉरीखाली आडवा होता. बाहेर येऊन त्यानं हात पुसले, ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला कागद काढला. "कंपनीचा कागद मलापन आलाय. तुझ्याच जीपचा."

"काय लिवलंय?"

"वेगात चाक थरथरतं अशी कुनी तक्रार आनली, तर अमुक ठिकानी जाड वायसर घाला."

"माझं नाय थरथरत."

"मग हा कागद तुझा नाय. हा मिस्त्रीसाठी. गिऱ्हाईक रडत आलं तर काय करायचं, एवढंच सांगतो. कुनाला बोलवत नाय."

"मग माझा कागद काय सांगतो?"

"तुझा येगळा. एजंटाचा मानूस सांगत होता, सांध्याचं लोखंड ओतताना एक घाना कच्चा गेला, हे कंपनीला मागनं कळलं. त्या घान्यातले सांधे ज्या गाड्यांत बसवले, त्यांच्या मालकांना पत्रं गेली. तुझी त्यातली एक."

"पन गाडी कुरकुरत नाय रे, कुशाबा!"

"म्हनून तर लिवलं. कुरकुरली असती तर तू आपसूक आला असतास. कच्चं लोखंड सांगून मोडत नाय."

"आनि इकलेला बैल परत न्यावा तशी गाडी ठेवून घेतली तर?"

"कोन ठेवतंय? अरे, बैल तुझाच. खुराची पत्री तेवढी नवी ठोकून देतील." कुशाबा हसला. "मी एजंटाला लिवतो, सांधा इथंच पाठवा म्हनून. तो येईतोवर गाडी घाटात घालू नको."

"एवढी वर्सं मोडला नाय. उद्याच मोडंल?"

"नाय मोडनार बहुतेक."

"मग?"

"मग काय? बहुतेक म्हनालो मी."

परतीच्या वाटेवर महिपत गोंधळातच होता. आपल्या मालाची खोड आपल्या तोंडानं सांगणारा व्यापारी त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. साधू म्हणावा की लबाड? आणि कुशाबा तरी एका दमात 'नाय मोडनार' आणि 'घालू नको' असं दोन्ही कसं म्हणतो?

सकाळी आवडी नवं लुगडं नेसून, बाळाला कुंची घालून अंगणात आली. पेंढ्याखाली जीप तशीच.

"एस.टी.नं जायचं," महिपत म्हणाला.

"बा! मी सांगून ठेवलंय सगळ्यांना!"

"ठाव हाय."

"गाडीला झालंय काय?"

"काय पन नाय."

"काय झालं नाय म्हनून एस.टी.नं?" तिचे डोळे भरले. राहीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीची पिशवी उचलली.

एस.टी.ची वाट बघताना महिपतनं लेकीला कुशाबाचं बोलणं सांगितलं, पण तिचा रुसवा गेला नाही. एस.टी. आंबेनळीला लागली. महिपत मांडीवर नातवाला घेऊन खिडकीशी बसला होता. वळण आलं की त्याचे कोपर आपोआप वळत आणि बाळ त्यांच्याबरोबर डुले. खाली रान खोल खोल जात होतं. आवडी बराच वेळ पलीकडे तोंड करून बसली. एका मोठ्या वळणावर ती खिडकीच्या बाजूला कलंडली, तिची नजर खाली गेली आणि तिनं बापाचा दंड धरला.

"बा, सांधा खरंच मोडला असता?"

"नाय ठाव, गो. कंपनीला पन नसंल ठाव."

तिनं दंड सोडला नाही. बाळाची कुंची एका बाजूला सरकली होती, ती तिनं दुसऱ्या हातानं नीट केली.