देखणी चक्रीफुलं

वरचा थर

पोतं उघडलं की आधी वरचंच दिसतं, म्हणून वरूनच सांगायला घेऊ.

कारखान्यात तान्ह्या बाळांच्या पोटदुखीवरचा चहा बनतो. बडीशेप आणि चक्रीफूल दळायचं, पुड्या बांधायच्या. कच्चा माल तपासते ती मालकाची धाकटी बहीण. सगळे तिला पाठीमागे शंकाबाई म्हणतात, मालक तोंडावर.

सकाळी एका बापाचा फोन आला. चहा पाजला आणि बाळाला झटके येऊ लागले. बाळ दवाखान्यात होतं.

चक्रीफुलाचं एक विषारी जुळं आहे. दिसायला तसंच, फक्त पाकळीचं टोक चोचीसारखं वळलेलं आणि बडीशेपेचा गोड वास नाही. ते शंकाबाईला ठाऊक होतं. प्रत्येक खेपेचा नमुना ती भिंगाखाली घालूनच पास करायची. त्या पुडीच्या खेपेचा राखून ठेवलेला नमुना तिनं पुन्हा पाहिला. निर्मळ.

"झालं समाधान?" दादा दारात उभा. "पोरांना काहीबाही भरवतात आणि नाव आपलं. ट्रक भरलाय, सोडतो."

"थांब."

"अगं, नमुना तुझा, सही तुझी!"

मधला थर

सही तिचीच होती, म्हणून तर तिनं नमुन्याची ताटली पुन्हा पुढे ओढली.

ती फुलं बघत राहिली. टपोरी, अखंड, आठही पाकळ्या जागेवर. काहीतरी खटकत होतं, पण काय ते...

मोडकं एकही नव्हतं.

हमालांच्या पाठीवरून आदळत आपटत आलेला माल, आणि एक पाकळी तुटू नये? ती तडक गोदामात गेली. नमुना काढायचं काम तिथल्या मावशींचं.

"मावशी, नमुना कसा काढता?"

"कसा म्हणजे? नीट निवडून. चांगली चांगली बघून."

"निवडून?"

"मग! ताई तुम्ही भिंगातून बघणार, तुमच्यापुढे कचरा ठेवू? आपल्या मालाची काही अब्रू?" मावशी हसल्या. "वाकडीतिकडी, बारकी मी मागे टाकते."

"मागे कुठे?"

"कुठे काय, पोत्यातच."

शंकाबाईला रागवायचं होतं. पण कुणावर? इतकी वर्षं स्वतः तिनं एकदाही पोत्यात हात घातला नव्हता.

तळ

तिनं त्याच खेपेचं उरलेलं पोतं धरलं आणि जमिनीवर उपडं केलं.

"बाई गं!" मावशी. "आत्ताच झाडलं होतं मी."

तुकडे, काड्या, धूळ. ती फतकल मारून बसली. वाकडं एक. वाकडं आणखी एक. चोच. चोच. नाकाशी धरलं: गोडवा नाही, नुसता कडवट लाकडी वास. मावशीही खाली बसल्या आणि न सांगता वेचू लागल्या. मग त्यांचा हात थबकला.

"ताई, हीच तर मी मागे टाकायचे."

शंकाबाईनं आधी त्या बापाला फोन लावला. फोन डॉक्टरांकडे द्या म्हणाली, आणि चहात कोणतं विष असण्याची शक्यता आहे ते त्यांना स्पष्ट सांगितलं. मग ओंजळ भरून ट्रकपाशी गेली.

"हुंग."

"तुझं आपलं काहीतरी..." दादानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. "हे आपल्या पोत्यातलं?"

"तळातलं. याच खेपेचं दळून ट्रकमध्ये भरलंय. उतरव. दुकानांत गेलंय तेही परत बोलाव, आत्ता."

"लोक काय म्हणतील माहितेय?"

"म्हणू देत. सही माझी आहे, मी ती परत घेतेय. तू सोडलास तर ट्रकच्या पुढे मी बसेन."

"तू ना, एक नमुना आहेस."

"हो. आणि हा न निवडलेला."

दादा ओंजळीकडे बघत राहिला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "किल्ली दे इकडे," आणि स्वतःच मागचं फळकं पाडलं.

पहिली खोकी खाली आली तेव्हा मावशी रिकामी ताटली घेऊन पुढच्या पोत्यापाशी उभ्या होत्या.

"ताई, आता नमुना कसा काढू?"

"तळापर्यंत हात घाला. आणि डोळे मिटून."

मावशींनी पदर खोचला, डोळे घट्ट मिटले आणि खांद्यापर्यंत हात पोत्यात घातला.