छतातल्या अक्षता

अफझलगंजच्या सिग्नलला योगिनीने ब्रेक मारला आणि गाडीच्या छतातून पाण्याची धार खाली आली.

बाहेर लख्ख ऊन होतं. पाऊस रात्रीच पडून गेला होता, रस्तेसुद्धा वाळले होते. आणि इथे आतल्या दिव्याच्या चौकटीतून, नळ सोडावा तसं गार पाणी तिच्या मांडीवर कोसळत होतं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तिने दचकून गाडी पुढे दामटली, तसं छतात साठलेलं उरलंसुरलं पाणी मागे धावलं आणि थेट मागे बसलेल्या लेकीच्या, शर्वरीच्या डोक्यावर ओतलं गेलं.

क्षणभर शर्वरीचा श्वास अडकला. डोळे विस्फारले, ओठ निळसर झाले आणि मग तिने असा टाहो फोडला की शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघायला लागली.

"अगं बाई! छताला भोक पडलं की काय?" शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, विमलताईंनी पदराने नातीला गुंडाळलं. "थांबव गं गाडी, थांबव!"

"थांबवते, आई. पोरीला उचला तुम्ही."

योगिनीने गाडी कडेला घेतली. डोस द्यायला घेऊन निघालेली पोर, परवाच तिचा ताप उतरलेला. छत फुटलंय? ते पाणी वायरींत गेलं असलं तर? वर बघितलं तर काच जशीच्या तशी, नुसता तडाही नव्हता. छपराएवढी मोठी काच, तिच्या पलीकडे निळं आभाळ. याच आभाळासाठी तिने ही गाडी घ्यायचा हट्ट धरला होता. विमलताई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "काचेचं छप्पर? पाहू बाई." ते 'पाहू बाई' योगिनीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

दसऱ्याला गाडी दारात आली, तेव्हा तर ते कुसळ आणखी खोल गेलं. तिच्या नवऱ्याच्या, केदारच्या पद्मावतीआत्या सिकंदराबादहून मुद्दाम आल्या. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर स्वस्तिक निघालं. विमलताई मात्र पहिल्या मजल्याच्या गच्चीतच उभ्या राहिल्या. "मी वरूनच बघते," म्हणाल्या. सासरे यशवंतराव जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. खाली येऊ नका असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं, हे खरं. पण वर जाऊन हाताला धरून आणायलाही कुणी गेलं नव्हतं. योगिनी तर तान्ह्या शर्वरीला घेऊन गाडीत बसली होती. तिला वाटलं, गाडी पसंत नाही, म्हणून आल्या नाहीत. असू दे.

चौकातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक मस्तानभाईंनी गाडी आत घ्यायला लावली. काच सरकवून ते स्टुलावर चढले आणि डोकं आत घालून बघायला लागले. विमलताई शर्वरीला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या. पोर आता शांत झाली होती, फक्त मधूनच एक हुंदका यायचा.

"देखो मॅडम," मस्तानभाई म्हणाले, "काच के आजू-बाजू ये पन्हाळ है. पानी इसमें गिरता, कोने के पाइप से नीचे जाता. पाइप जाम हो गया तो पानी किधर जाएगा? अंदरीच आता. नक्को घबराव."

त्यांनी कोपऱ्यातल्या नळीत बारीक तार घातली, फिरवली, ओढली. पांढरट-पिवळा, चिकट गोळा तारेला लागून बाहेर आला. मस्तानभाईंनी तो बोटांत चोळून पाहिला आणि मोठ्याने हसले.

"ये तो चावल है! हळदी के चावल! मॅडम, ये दूल्हे की गाडी थी क्या?"

योगिनी पुढे सरकली. फुगून, कुजून एकमेकांना चिकटलेले तांदूळ. हळद अजून कळत होती.

"पूजेचे असतील," ती म्हणाली. म्हणतानाच तिच्या लक्षात आलं, आत्यांच्या ताटात तर कुंकवाच्या अक्षता होत्या, लालभडक. आणि त्या टाकल्या होत्या बॉनेटवर. छत उघडलं होतं ते सगळं आटोपल्यावर. आत्यांना मौज दाखवायला केदारने दारातून हात घालून बटण दाबलं होतं, आणि बाकी सगळे गाडीच्या पुढे उभे होते.

"बाजू से नहीं गए," मस्तानभाई तार पुसत म्हणाले. "सीधा ऊपर से गिरे."

वरून.

योगिनीला आठवलं. त्या दिवशी शर्वरीच्या जावळात एक पिवळा दाणा सापडला होता. तिने तो काढून खिडकीबाहेर टाकला होता. कुठून आला, असा विचारसुद्धा केला नव्हता.

तिने मागे वळून बघितलं. विमलताईंच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. नजर त्या गोळ्यावरून हलत नव्हती. एक हात शर्वरीच्या ओल्या डोक्यावर तसाच थिजलेला.

तेवढ्यात फोन वाजला. केदार. गाडीत पाणी आल्याचा तिचा मेसेज त्याने आत्ता वाचला होता. योगिनीने हात ओले होते म्हणून स्पीकरवर घेतला.

"काय झालं गं? पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. नळी तुंबली होती."

"तुंबली? नवी गाडी आहे यार! कशानं तुंबली? कुणी काय टाकलं त्यात? कुणाचा येडेपणा असेल ना, तर मी..."

विमलताईंचे ओठ हलले. त्या बाकड्यावरून उठायला लागल्या.

"पानं होती," योगिनी म्हणाली. "कडुलिंबाची."

मस्तानभाईंनी तिच्याकडे बघितलं. मग गोळा चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवला.

"कडुलिंब? आपल्या गल्लीत झाड कुठंय?"

"वाऱ्यानं आली असतील रे. ठेवते, पोरीला डोस द्यायचाय."

विमलताई पुन्हा खाली बसल्या. डोस देऊन दोघी घरी निघाल्या. शर्वरीचे केस केव्हाच वाळले होते, तरी त्या पदराच्या टोकाने पुसतच होत्या. योगिनी आरशातून बघत होती. एक बाई गच्चीच्या कठड्याआड मूठ मिटून उभी राहते, खाली बोलावणं येईल म्हणून थांबते, येत नाही. मग छत उघडतं आणि आत नात दिसते. इतके महिने आपण या बाईला तुसडी समजत होतो. योगिनीला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला.

घराखाली, गच्चीच्या बरोबर खाली तिने गाडी उभी केली.

"आई, दुरुस्त होऊन आलीय गाडी. ओवाळायला हवी."

"आत्यांना फोन कर."

"आत्या सिकंदराबादला. आणि गाडी इथं."

"मग कुणी..." विमलताई अडखळल्या. "लोक काय म्हणतील गं?"

"लोक आपापल्या घरात आहेत. ताट घेऊन खाली या, आई. मी पोरीला धरून बसते."

विमलताई गेल्या. योगिनीने साफ करून आणलेलं छत नीट चालतंय का ते बघायला बटण दाबलं. काच मागे सरकली. वर गच्चीचा कठडा दिसत होता. बराच वेळ ती तिकडेच बघत राहिली. विमलताई तिथपर्यंत येऊन पुन्हा थांबतील, या भीतीने. कठड्याशी कुणीच आलं नाही.

जिन्यात सपाता वाजल्या. विमलताई दारातून बाहेर आल्या. लुगडं बदललेलं होतं. हातात छोटं तबक, त्यात निरांजन, हळदीचे तांदूळ. त्या गाडीशी आल्या, आत बघितलं, वर बघितलं.

"आधी ते वरचं लाव," म्हणाल्या.

योगिनीला हसू आलं. तिने बटण दाबलं. काच सावकाश सरकत येऊन मिटली.

वर तांदूळ पडल्याचा बारीक आवाज झाला. शर्वरीने मान वर केली आणि काचेवरच्या त्या पिवळ्या दाण्यांकडे दोन्ही हात उंचावले.